चांपानेर-पावागड एका दिवसात : बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांतून पावागडची एखादी तरी फेरी झालेलीच असते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की पहिला बेत पावागडचा ठरतो, गाडी ठरते, ओटीचे सामान घेतले जाते आणि संध्याकाळी सगळे थकून परत येतात. त्यानंतर जामी मशीद पाहिली का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘गाडीतून दिसली, ऊन फार होते, उतरलो नाही.’ गडाच्या पायथ्याशी पसरलेले, 2004 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले अख्खे चांपानेर शहर अशा रीतीने काचेआडून पाहून संपते. येथे वेळ कमी पडत नाही, क्रम चुकतो. तो सुधारावा एवढ्यासाठी हे टिपण आहे. इतिहास यात जवळजवळ नाही, तो इतरत्र भरपूर मिळतो.

### क्रम उलटा का करायचा

नेहमीची पद्धत अशी की आधी गड चढायचा, वरच्या कालिकामातेचे दर्शन घ्यायचे आणि उतरल्यावर वेळ उरला तर ‘खालचे’ पाहायचे. यात तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण उन्हाची. खालचे शहर मोकळ्या रानात विखुरलेले आहे. एका वास्तूपासून दुसरीपर्यंत जाताना सावली फारशी मिळत नाही आणि दगडी अंगणे अकरानंतर तापू लागतात. गडावर निदान वारा असतो आणि चढ रोप-वेने टळतो. म्हणून उन्हाच्या आधीची वेळ खालच्या शहराला देणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण उजेडाची असून ती फार थोड्यांच्या लक्षात येते. आपल्याकडच्या मशिदींत प्रार्थनेची भिंत पश्चिमेला असते. त्यामुळे सभागृहाची अंगणाकडे उघडणारी नक्षीदार दर्शनी बाजू आणि बाहेरचा मुख्य प्रवेशमंडप ही दोन्ही पूर्वेला तोंड करून असतात. सकाळचे तिरपे ऊन या कोरीवकामावर पडले की प्रत्येक पाकळी उठून दिसते. दुपारी तीच बाजू स्वतःच्या सावलीत जाते आणि डोळ्यांना व कॅमेऱ्याला सारखीच सपाट दिसते.

तिसरी अडचण थकव्याची. गडावरच्या पायऱ्या उतरून आलेल्या माणसाला कितीही सुंदर जाळी दाखवली तरी तो आधी बसायला जागा शोधतो.

‘आधी देव, मग बाकीचे’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह रास्त आहे आणि तो मोडून काढण्यात अर्थ नाही. त्यावर दोन उपाय आहेत. दर्शन हाच मुख्य हेतू असेल तर गडासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा आणि पहाटे निघून थेट वर जावे. दोन्ही एकाच दिवशी करायचे असेल तर खालून हात जोडून पुढचा क्रम पाळावा. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दर्शन होतेच.

## टप्पा 1 : दिवस निवडणे

ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा सर्वांत सोयीचा काळ. मार्चपासून दुपार असह्य होत जाते आणि एप्रिल-मेमध्ये लहान मुले वा वृद्ध बरोबर असतील तर हा बेत करूच नये. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, ओढे-धबधबे वाहतात आणि गर्दीही त्यांच्याच मागे धावते. पण त्या दिवसांत गवत गुडघ्याच्या वर गेलेले असते, पायवाटा निसरड्या होतात आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला साप असण्याची शक्यता वाढते. पावसाळी सहल म्हणून जावे, वास्तू पाहण्यासाठी नव्हे.

वार निवडताना रविवार टाळावा. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत, पौर्णिमेला आणि लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये गडावर एवढी गर्दी लोटते की एका दिवसाचा बेत कोसळतोच. नवरात्रात खासगी वाहने पायथ्यालाच थांबवून भाविकांना एसटीने माचीपर्यंत, म्हणजे गडाच्या मध्यावर रोप-वे सुटतो त्या जागेपर्यंत, नेतात. नवस फेडण्यासाठी त्या दिवसांत जाणे वेगळे. त्या दिवशी खालच्या शहराचा विचारही मनात आणू नये.

तपासून पाहा : रोप-वे वर्षातून काही दिवस देखभालीसाठी बंद असतो आणि जोराचा वारा किंवा पाऊस असला की ऐनवेळी थांबवला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी तो चालू आहे का याची खात्री करून घ्यावी. बंद असेल तर बेत पुढे ढकलावा किंवा फक्त खालचे शहर पाहावे. ‘बघू, चढून जाऊ’ हा निर्णय माचीवर उभे राहून घेऊ नये.

## टप्पा 2 : आदल्या रात्रीची तयारी

सामान थोडे असावे, पण नेमके असावे.

1. प्रत्येकी किमान 2 लिटर पाणी घ्यावे. खालच्या शहरात वास्तूंच्या दारात टपऱ्या असतीलच असे नाही आणि रानातल्या मशिदींकडे तर काहीच मिळत नाही.
2. बंद बूट घालावेत. सुक्या गवताची कुसळे मोज्यांत शिरतात ती संध्याकाळपर्यंत टोचत राहतात. चपला किंवा सँडल घातल्यास पहिल्या तासाभरात पश्चात्ताप होतो. गडावर देवळासाठी काढायला सोपे म्हणून चपलाच हव्या असतील तर त्या गाडीत वेगळ्या ठेवाव्यात.
3. टोपी, सुती पंचा, छोटी विजेरी आणि सुट्टे पैसे बरोबर घ्यावेत. विजेरी घुमटांखालचे छत पाहण्यासाठी लागते आणि मोबाइलचा दिवा तिथवर पोचत नाही.
4. ओटीचे सामान, खण आणि नारळ वेगळ्या पिशवीत बांधून गाडीतच ठेवावे, सकाळभर हातात वागवू नये. नारळाबाबत देवस्थानाचे नियम बदलतात. वर काय नेता येते ते पायथ्याच्या किंवा माचीच्या दुकानदाराला विचारून मगच न्यावे.
5. पुरातत्त्व खात्याचे तिकीट ऑनलाइन काढता येते. ते घरूनच काढून त्याचे चित्र मोबाइलमध्ये जतन करावे, कारण डोंगराच्या कुशीत नेटवर्कचा भरवसा धरता येत नाही. 15 वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, मात्र वय दाखवणारा कागद जवळ असावा.

नकाशाही घरूनच उतरवून घ्यावा. बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टने केलेल्या यादीत या परिसरातल्या 114 वास्तू आहेत. त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पुरातत्त्व खात्याच्या देखभालीखाली आहेत आणि बाकीच्या रानात आहेत. बहुतांश जमीन वनखात्याची आहे, त्यामुळे फलकांची अपेक्षा ठेवू नये. आपण पाहणार असलेल्या सहा-सात जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवाव्यात. सगळ्या पाहण्याचा हट्ट धरणारा माणूस एकही धड पाहत नाही.

सावधान : ड्रोन नेऊ नये. कॅमेऱ्याच्या तिकाटण्यासाठीही (ट्रायपॉड) पूर्वपरवानगी लागते आणि ती जागेवर मिळत नाही.

## टप्पा 3 : बडोद्याहून निघणे

अंतर साधारण 50 किलोमीटर आहे. गोल्डन चोकडी, जरोद, हालोल असा सरळ रस्ता आहे आणि सकाळी तो सव्वा तासात पार होतो. सहाला घर सोडावे. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडून येणाऱ्यांनी पाहुण्यांना वाटेत बडोद्याच्या जुन्या शहराचा चांपानेर दरवाजा दाखवण्याचा मोह आवरावा. शेव-उसळीसाठी थांबण्याचा मोहही त्याच माळेतला मणी आहे. ती संध्याकाळी परतताना खावी. तिखट तर्री पोटात घेऊन उन्हात फिरणे कोणालाच मानवत नाही. घरून पोहे किंवा थालीपीठ डब्यात घ्यावे आणि हालोलच्या आसपास गाडी थांबवून खावे. स्वच्छतागृहही तेथेच वापरून घ्यावे, कारण पुढे सोय बेताची आहे.

एसटीने जाणाऱ्यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पावागडची पहिली सकाळची गाडी धरावी. थेट गाडी नसेल तर हालोलपर्यंत जाऊन तेथून गाडी बदलावी. एसटीने येणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : बस चांपानेरच्या तटाजवळ थांबते तेव्हा उतरावे. सहप्रवासी सगळे देवीला निघालेले असतात आणि त्यांच्या ओघात आपणही माचीच्या गाडीत बसतो. चांपानेर हुकते ते बहुधा याच क्षणी.

## टप्पा 4 : खालचे शहर (सकाळी सव्वासात ते अकरा)

### 4.1 तट आणि वेशी

तिकीटखिडकी उघडण्याच्या आधी पोचलात तर तो वेळ वाया जात नाही. राजवाड्याच्या भागाभोवतीचा तट, त्याचे बुरूज आणि वेशी उघड्यावर आहेत. वेशीतून आत शिरताना वाट सरळ जात नाही, वळते. शत्रूच्या हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून केलेली ही रचना रायगड-प्रतापगड पाहिलेल्या मुलांना लगेच ओळखू येते. तेव्हा त्यांनाच शोधायला सांगावे. तटावर चढू नये. वरचे दगड सुटे आहेत.

या तटाच्या आत आजही गाव नांदते आहे. अंगणात वाळत घातलेले धान्य, बांधलेली जनावरे, दारात बसलेली म्हातारी माणसे ही प्रदर्शनातली मांडणी नव्हे. फोटो काढण्याआधी विचारावे. गुजराती येत नसेल तर हातवारे पुरतात.

### 4.2 शहेरी मशीद

तटाच्या आतली ही मशीद आकाराने मध्यम आहे आणि नेमकी म्हणूनच ती आधी पाहावी. पाच कमानी, दोन मिनार, वर घुमटांची रांग असा आराखडा येथे एका नजरेत समजतो आणि पुढे जामी मशिदीची गुंतागुंत उलगडायला मदत होते. वीस मिनिटे पुरेशी आहेत.

तपासून पाहा : तिकीट फेकू नये. पुढच्या वास्तूच्या दारात ते पुन्हा मागतात.

### 4.3 जामी मशीद

शहराच्या पूर्व वेशीतून बाहेर पडल्यावर काही पावलांवरच जामी मशीद आहे. येथे किमान एक तास द्यावा आणि तो पुढे सांगितलेल्या क्रमाने द्यावा, कारण बहुतेक जण थेट सभागृहात शिरतात आणि अर्धी वास्तू पाठीमागे राहते.

आधी बाहेर, पूर्वेच्या प्रवेशमंडपासमोर उभे राहावे. त्याच्या खिडक्यांना दगडी जाळ्या आहेत. दोन पावले मागे जाऊन पाहिले तर ती नुसती नक्षी वाटते. जवळ जाऊन एका जाळीवर डोळा ठेवला म्हणजे एकाच दगडात किती पातळ पट्ट्या सोडून बाकीचा भाग पोकळ केला आहे ते कळते. हात लावू नये. बोटांचा घाम दगडावर बसतो आणि हजारो हातांनी त्याचा काळपट थर होतो. तो कोठे कोठे झाला आहे हे तेथे दिसतेच.

मग अंगणात यावे आणि सभागृहाकडे तोंड करून मध्यभागी थांबावे. मधली कमान उंच असून तिच्या दोन्ही बाजूंचे मिनार सुमारे 30 मीटरचे आहेत. मिनारांचे नक्षीकाम खालच्या भागात दाट आहे आणि वर जाताना विरळ होत जाते. मिनारांच्या जिन्यांची दारे बंद असतील तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये आणि चिरीमिरीही देऊ नये.

त्यानंतर आत जावे. सभागृहात 172 खांब आहेत. मोजत बसू नये. सरळ मधल्या घुमटाखाली जाऊन मान वर करावी. एकावर एक उभे सज्जे, त्यांना कठडे आणि सर्वांच्या वर घुमट अशी रचना आहे. उजेड बाजूच्या झरोक्यांतून येतो, त्यामुळे डोळे सरावायला मिनिटभर जाते. तेवढा वेळ न देता बाहेर पडणारे ‘आत अंधार होता’ एवढेच सांगतात. विजेरी येथे काढावी आणि छताचे दगड पाहावेत. कमळाची आणि वेलबुट्टीची ही नक्षी आपल्या देवळांच्या मंडपांत दिसते तीच आहे, कारण हात त्याच परंपरेतल्या कारागिरांचे होते. शेवटी पश्चिम भिंतीतले सात मिहराब, म्हणजे प्रार्थनेची दिशा दाखवणारे कोनाडे, पाहावेत. मधला सर्वांत अलंकृत आहे, पण कडेच्यांपाशी गर्दी नसते आणि काम तितकेच बारीक आहे.

परत निघताना मशिदीबाहेरचे अष्टकोनी कुंड विसरू नये. ते पाहायचे राहते याचे कारण एवढेच, की गाडी दुसऱ्या बाजूला उभी असते.

सावधान : उंच कमानींखाली मधमाश्यांची पोळी असू शकतात. अत्तर शिंपडून जाऊ नये, धूर करू नये, मोठ्याने ओरडून घुमट घुमवू नये. वटवाघळांची विष्ठा पडलेल्या कोपऱ्यांत मुलांना जाऊ देऊ नये.

सावधान : दगडावर नाव कोरणे हा गंमतीचा विषय नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित वास्तूची हानी करणाऱ्यास 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी. कोरीव खांबाला घासून जाणारी बॅग खिळ्याइतकेच नुकसान करते, फक्त सावकाश.

### 4.4 रानातल्या मशिदी : केवडा आणि नगीना

येथून पुढे गाडीरस्ता संपत जातो आणि बहुतेक पाहुण्यांचा उत्साहही. तरीही माझे मत विचाराल तर दिवसभरातला सर्वांत चांगला अर्धा-पाऊण तास हाच असतो. केवडा मशिदीशेजारी विटांच्या बांधणीची एक छत्री, म्हणजे घुमटाचा स्मारक-मंडप, आहे. नगीना मशिदीच्या अंगणातल्या छत्रीचा घुमट आता नाही, पण तिच्या खांबांवरचे आणि कोनाड्यांतले काम इतके बारीक आहे की मशिदीपेक्षा लोक तेथेच अधिक रेंगाळतात. एका कोनाड्यासमोर शांतपणे उभे राहून खालून वर पाहत जावे. झाड, फूल, पान, पुन्हा वेल असा चढता क्रम डोळ्यांना सापडतो.

येथे जाताना तीन नियम पाळावेत. एकट्याने जाऊ नये, पाऊलवाट सोडू नये आणि निघण्याची वेळ ठरवूनच आत जावे. माकडे असतात, म्हणून हातात खाण्याची पिशवी असू नये. वाट चुकल्यासारखे वाटले तर पुढे जाण्याऐवजी गुराख्याला विचारावे. त्याला ‘केवडा मस्जिद’ एवढे दोन शब्द पुरतात.

साडेदहा वाजून गेले असतील तर दोन्हींपैकी एकच निवडावी. मी नगीना निवडेन.

### 4.5 वडा तलाव

वेळ उरला तरच येथे जावे. तलावाकाठचे कबूतरखाना नावाचे बांधकाम लांबून पाहिले तरी चालते आणि हिवाळ्यात पाण्यावर पक्षीही असतात. पाण्यात उतरू नये. काठ कोठे संपतो ते गवतामुळे कळत नाही.

## टप्पा 5 : वळणाची विहीर आणि दुपार

हालोलच्या बाजूला रस्त्याजवळ सोळाव्या शतकातली वळणदार पायऱ्यांची विहीर आहे. येताना ती जाणूनबुजून सोडायची आणि आता पाहायची, कारण सूर्य वर आल्याशिवाय तिच्यात उजेड उतरत नाही. गोल भिंतीला लागून सुमारे 1.2 मीटर रुंदीचा जिना गोल फिरत खाली जातो. वर कठड्याशी उभे राहून पाहिले की त्याचा पूर्ण वेढा दिसतो. एवढे पाहणे पुरेसे आहे. उतरण्याची परवानगी असलीच तरी एका वेळी एकानेच, भिंतीच्या बाजूने उतरावे. मुलांचा हात सोडू नये. पायरी ओली असेल तर उतरूच नये. येथे घडणारी चूक ठरलेली असते : एक जण खाली उतरतो आणि वरचा दुसरा त्याचा फोटो काढण्यासाठी मागे मागे सरकतो.

जेवण हालोलला करावे किंवा डबा असेल तर गाडीजवळ झाडाखाली बसून खावे. वास्तूंच्या आवारात जेवू नये. त्यामुळे माकडे आणि मुंग्या दोन्ही कायमची वस्तीला येतात. जेवल्यावर निदान अर्धा तास पडावे. वृद्ध बरोबर असतील तर ही विश्रांती बेतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट समजावी.

तपासून पाहा : पाण्याच्या बाटल्या येथे पुन्हा भरून घ्याव्यात. कोणाला डोके जड वाटत असेल, मळमळत असेल, तर गडाचा विचार सोडून परत फिरावे.

## टप्पा 6 : गड (दुपारी दोन ते साडेपाच)

### 6.1 माचीपर्यंत

पायथ्यापासून माचीपर्यंत घाटरस्ता आहे. चालवणाऱ्याला घाटाचा सराव नसेल तर गाडी खाली लावून एसटीने जावे, त्यात कमीपणा नाही. वाटेत सात कमान नावाचा कमानींचा समूह आहे. तेथे थांबायचे असेल तर वळणावर गाडी लावू नये. हे काम उतरताना, वेळ उरला तर करावे.

पायी चढणाऱ्यांसाठी जुनी वाट आहे, पण सकाळी चार तास फिरलेल्या माणसाने दुपारी ती धरू नये. पायी चढण्याचा नवस असेल तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवून पहाटेच सुरुवात करावी.

### 6.2 रोप-वे

खिडकीवर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारावा : शेवटची ट्रॉली खाली किती वाजता सुटते? उत्तर घड्याळात गजर म्हणून लावून ठेवावे. येण्या-जाण्याचे तिकीट एकत्र घेतले असेल तर परतीचा तुकडा जपावा आणि तो कुटुंबातल्या एकाच माणसाकडे द्यावा. आठ जणांच्या आठ खिशांत ठेवलेल्या तिकिटांपैकी एक तरी हमखास गहाळ होते.

रोप-वे देवळाच्या दारात सोडतो, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. वरच्या स्थानकापासून देवळापर्यंत पायऱ्यांचा चढ आहे आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी तो सोपा नाही. हे घरूनच स्पष्ट सांगावे. आजींना वर नेऊन ‘आता थोडेच राहिले’ म्हणत चढवण्यापेक्षा त्यांना दुधिया तलावाजवळ सावलीत बसवावे आणि एकाने सोबत थांबावे.

### 6.3 दर्शन

रांगेत चप्पल-बूट, पर्स आणि मोबाइल यांची व्यवस्था आधीच ठरवावी. कालिकामातेची ओटी भरायची असेल तर खण-नारळाची पिशवी एकीनेच सांभाळावी, म्हणजे गाभाऱ्यासमोर शोधाशोध होत नाही. मागच्या रांगेचा रेटा असतो. तेथे सावकाश ओटी भरता येईल अशी अपेक्षा ठेवली की मन खट्टू होते. पुजाऱ्यांच्या हाती देऊन नमस्कार करावा आणि बाजूला व्हावे.

### 6.4 लकुलीश मंदिर

छासिया तलावाजवळचे लकुलीश मंदिर दहाव्या-अकराव्या शतकातले असून गडावर उभ्या असलेल्या बांधकामांत सर्वांत जुने मानले जाते. दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिकडे वळतात. बराचसा भाग पडला आहे, उरलेल्या भिंतींवरच्या मूर्ती झिजल्या आहेत, पण सकाळी मशिदीच्या छतावर पाहिलेली कमळे येथे पुन्हा भेटतात आणि दिवसभर जे पाहिले त्याचा धागा जुळतो. अर्धा तास हाताशी असेल तर अवश्य जावे.

नवलखा कोठाराकडे मात्र या बेतात जाऊ नये. ते कड्याच्या बाजूला आहे, वाट लांब आहे आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. याच डोंगरावर उगम पावणारी विश्वामित्री पाहायची म्हणून कडा उतरू लागणारी तरुण मंडळीही असतात. त्यांना तीच नदी मगरींसह बडोद्यात घराजवळ पाहता येईल.

तपासून पाहा : पाच वाजता, कोठेही असाल तरी, रोप-वेकडे परत वळावे. रांग असते हे धरूनच ही वेळ दिली आहे. शेवटची ट्रॉली हुकली तर पायऱ्यांच्या वाटेने अंधारात उतरावे लागते.

## टप्पा 7 : जांबुघोडा त्याच दिवशी जोडू नका

‘एवढे लांब आलोच आहोत तर जंगलही पाहून घेऊ’ हा विचार हमखास निघतो. जांबुघोडा अभयारण्य शिवराजपूरच्या वाटेने पुढे आहे. बडोद्यापासून ते साधारण 70 किलोमीटर पडते आणि त्याचा विस्तार सुमारे 130 चौरस किलोमीटर आहे. संध्याकाळी उरलेल्या तासाभरात तेथे काहीही दिसत नाही. शिवाय ही अस्वले आणि बिबटे असलेली जागा आहे आणि त्यांच्या हालचालीची वेळ तीच असते.

त्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. प्रवेशाची आणि मुक्कामाची परवानगी वनखात्याकडून आधी घ्यावी. कडा नावाच्या धरणाचा परिसर सकाळी पाहावा आणि झंड हनुमानाचे दर्शन घेऊन दुपारी बाहेर पडावे. मोहाची फुले गळतात त्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अस्वले पहाटे आणि सांजवेळी झाडांखाली येतात. तेव्हा त्या वेळी मोहाच्या झाडांकडे पायी जाऊ नये आणि लहान मुलांना गाडीतून उतरवू नये. मुक्कामाला राहणार असाल तर दिवस मावळण्यापूर्वी निवासावर पोचावे, रात्रीसाठीचे जेवण आधीच सांगून ठेवावे आणि गाडीत इंधन हालोललाच भरून घ्यावे.